चासीवरचा आकडा

समजा, रामनगरहून अनमोडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक जुना बंगला आहे, आणि त्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली एक दोनआसनी गाडी उभी आहे. बोनेट लांबलचक, मडगार्ड अंगापासून सुटे, चाकं तारांची, कापडी हुडाच्या चिंध्या झालेल्या. घरातली माणसं तिला ‘आजोबांची एमजी’ म्हणतात. बेळगावचा कुणी दलाल येऊन बघून जातो. ‘सगळं भंगार आहे, पण तुमचा अडथळा दूर करतो,’ म्हणतो, आणि पुढच्याच आठवड्यात दुप्पट भाव घेऊन परत येतो. अशा वेळी घरच्यांनी काय करावं? गाडी विकावी की ठेवावी हा नंतरचा प्रश्न. आधी ती कोण आहे हे कळायला हवं.

हा बंगला आणि ही गाडी मी मनानं उभी केली आहे. ती ओळखण्याची रीत मात्र खरी आहे. कोट्यवधींच्या फेरारीला आणि पडवीतल्या एमजीला ती सारखीच लागू पडते.

पहिल्यांदा सगळ्यांचं लक्ष नंबरप्लेटकडे जातं. रामनगर-अनमोड ज्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात येतात तिथे तर प्लेट वाचणं म्हणजे थोडा इतिहास वाचणंच. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर लगेच इथे आलेल्या गाडीवर मुंबई राज्याची बी.एम.ने सुरू होणारी अक्षरं असायची, पुढे नोंदलेल्या गाडीवर म्हैसूरची एम.वाय., आणि १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यावर के.ए. आज कारवारचा आकडा ३० आणि दांडेलीचा ६५. पश्चिमेला घाट उतरला की निराळंच प्रकरण. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य. त्यांच्या पाट्या वेगळ्या, मुक्तीनंतर जी.डी., आणि १९८७ ला गोवा घटक राज्य झाल्यावर पुढे जी.ए. एकाच गाडीनं आयुष्यात यांतल्या तीन-चार पाट्या मिरवल्या असतील तर नवल नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, हा नियम आजही आहे.

म्हणून प्लेट हा सगळ्यांत कच्चा पुरावा. ती गाडीचा शेवटचा मुक्काम सांगते, गाव नव्हे. शिवाय दोन स्क्रू काढले की बदलते.

तरीही ती टाकून द्यायची नाही. सरहद्दीच्या मुलखात तर नाहीच. मुरगावहून येणारी रेल्वे १८८८ मध्ये ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकला जोडली गेली आणि हे जंगलातलं ठाणं दोन सत्तांमधला जकातनाका होऊन बसलं. १९५५ मध्ये भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा इथली रेल्वे वाहतूक थांबली. १९६१ च्या डिसेंबरात याच तालुक्यातल्या अनमोडहून भारतीय सैन्याची एक तुकडी गोव्यातल्या मोलेकडे उतरली. या सगळ्या काळात घाटाखाली आणि घाटावर मोटारींची दोन वेगळी जगं होती. भारतात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं ठरवलं की इथेच टप्प्याटप्प्यानं गाडी बनवणार असाल तर राहा, नुसत्या परदेशी भागांची जुळणी चालणार नाही. १९२८ पासून मुंबईत शिवडीला जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. परदेशी गाडी आणणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं. घाटाखाली मात्र खाणींचा पैसा होता आणि आयातीला मोकळीक होती. मर्सिडीजची डिझेल गाडी टॅक्सी म्हणून वापरणारा मुलूख या बाजूला दुसरा नव्हता! त्यामुळे पडवीतली गाडी १९५५ नंतरची युरोपी असेल आणि तिच्यावर जी.डी.ची पाटी असेल, तर ती गोव्यात कायदेशीर वाटेनं आली असावी असं मानायला जागा आहे. तीच गाडी म्हैसूरच्या जुन्या पाटीवर असेल तर भुवई उंचावावी आणि कागद मागावेत. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडून वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या विकल्या जायच्या. तसं काही पत्र निघतं का, ते पाहावं.

आता बोनेट उघडू.

पडवीतली गाडी एमजी टीसी आहे असं धरू. टीसी १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. एकूण सुमारे दहा हजार. साडेबाराशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ५४ अश्वशक्ती, एकोणीस इंची चाकं, स्टिअरिंग सगळ्यांचं उजव्या हाताला. ताकद फार नाही, पण वजनही नाही, म्हणून वळणावर ती जी मजा देते ती मोठ्या गाड्या देत नाहीत. हिचा चासी नंबर ०००१ पासून सुरू होत नाही. पहिली टीसी ०२५१ आहे. का, तर कारखान्याचा टेलिफोन नंबर होता ॲबिंग्डन २५१! एमजीवाल्यांची ही खोड आधीच्या मॉडेलांपासूनची. गंमत वाटते, पण पारखी माणसाला ती उपयोगी पडते. कुणी ‘माझी टीसी शंभर नंबरची आहे’ म्हणाला, की पुढचं बोलणं ऐकायची गरज उरत नाही.

आकडा तीन ठिकाणी शोधायचा. बोनेटखाली आडव्या पत्र्यावर कारखान्याची एक पाटी असते, तिच्यावर चासी आणि इंजिन दोन्ही नंबर असतात. पाटी रिव्हेटनं बसवलेली असते, म्हणजे ती निघते आणि दुसऱ्या गाडीवर बसते. त्यापेक्षा भरवशाचं म्हणजे खुद्द चासीच्या लोखंडावर ठोकलेला आकडा. टीसीत तो डाव्या बाजूला पुढे, जिथे स्प्रिंगचं टोक अडकवतात त्या वाकड्या शिंगावर असतो. आणि इंजिनाच्या ब्लॉकवर, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला, पितळेची अष्टकोनी चकती. अष्टकोन हे एमजीचं चिन्ह. त्यांनी तो जिथे तिथे बसवला आहे.

चिखल, ग्रीस आणि तीन थर रंगाखाली चासीवरचा आकडा दिसणार नाही. तिथे पत्रा घासायचं मशीन घेऊन तुटून पडू नये. मिस्त्रीला हे आधीच बजावून ठेवावं लागतं, कारण त्याचा हात सवयीनं तिकडेच जातो. केरोसीन, जुनं कापड, मऊ ब्रश, हाताशी वेळ. मग वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची. आरटीओत गाडी नावावर करताना अर्जाला जो चासी प्रिंट चिकटवतात तोच हा. वर्षानुवर्षं एजंट लोक हे काम यांत्रिकपणे करत आले, पण जगभरचे पारखी हाच पेन्सिलठसा भिंगाखाली धरून बसतात. आकड्यांची उंची सारखी आहे का, ओळ किंचित वाकडी आहे का, सातचा पाय सरळ आहे की तिरका, हे ते पाहतात. कारखान्यातला कामगार एकेक अंकाचा छिन्नीठसा हातोडीनं ठोकायचा, म्हणून ओळ जराशी डुलते. फार नेटकी ओळ दिसली तर संशय घ्यावा. मात्र नेटकेपणाही कारखान्यागणिक वेगळा असतो, म्हणून त्याच कारखान्यातल्या, त्याच वर्षातल्या दुसऱ्या गाडीच्या ठशाशी ताडून बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

आकडा घासून दुसरा ठोकला असेल तर? लोखंडावर ठसा मारला की खुणेच्या तळाखालचं लोखंडही दाबलं जातं, आणि वरचा भाग घासून सपाट केला तरी तो दाब आत राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागेवर आम्ल लावतात. दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग वेगळ्या गतीनं झिजतो आणि जुना आकडा थोडा वेळ वर येतो. चोरीच्या मोटरसायकलींसाठी पोलीस वापरतात तीच ही तपासणी.

इंजिनाचा नंबर पाटीवरच्या नंबराशी जुळला तर उत्तम. पण आपल्याकडे तो जुळेलच असं नाही आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चाळीस-पन्नासच्या दशकातली इंग्लिश गाडी जोयडा तालुक्यातल्या सुप्यासारख्या ठिकाणी धावायची म्हणजे लाकडाच्या ट्रकांनी उखडलेले रस्ते, वर्षाचे चार महिने न थांबणारा पाऊस, आणि पिस्टन मागवायचा तर मुंबई. आयात बंद झाल्यावर मुंबईतही पिस्टन मिळेना. मग कुणी ॲम्बॅसिडरचं इंजिन बसवलं, कुणी फियाटचं, कुणी चक्क जीपचं. परदेशी संग्राहक अशा गाडीला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ते इंजिन त्या गाडीनं इथे काढलेल्या दिवसांचा पुरावा आहे. फक्त विकताना ‘मूळ इंजिन’ म्हणून सांगू नये, एवढंच.

बॉडीकडे वळलं की काम जास्त नाजूक होतं. टीसीचा पत्रा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला आहे. जोयड्याच्या हवेत लाकडाचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. आधी बुरशी, मग वाळवी. दार उघडताना खाली झुकलं तर समजावं की सांगाडा गेला. पण तो फेकण्याआधी आतलं अस्तर अलगद सोडवून लाकूड तपासावं. बॉडी बांधणारे कारागीर लाकडावर पेन्सिलीनं किंवा ठशानं नंबर टाकत. बिजागऱ्यांवर, कधी सीटच्या खालच्या फळीवरही. आणि रंग. कुठल्या तरी झाकलेल्या जागी नखाएवढा चौकोन हळूहळू घासत गेलं की थर दिसायला लागतात. वरचा लाल, खाली कुणीतरी लग्नासाठी मारलेला क्रीम, त्याखाली राखाडी प्रायमर, आणि अगदी तळाशी कारखान्याचा हिरवा. आरसी बुकात रंगाचा रकाना असतो. तिथे ‘हिरवा’ असेल तर एक दुवा जुळला.

टीसीसारखी गाडी एकाच कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडायची. खऱ्या दुर्मीळ गाड्यांचं तसं नव्हतं, आणि त्यासाठी इंदूरला जावं लागेल.

इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८. हे मराठी राजघराणं माळव्यात स्थिरावलेलं, पण या तरुण राजाची नजर पॅरिस-बर्लिनवर होती. १९३० च्या सुमारास त्यानं एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा आधुनिक पद्धतीनं बांधून घेतला, ब्रांकुशीची शिल्पं घेतली. गाड्यांची निवडही अशीच चोखंदळ. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यानं ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची ही कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. जे आणि एसजे मिळून पाचशेच्या आत गाड्या तिनं बनवल्या. ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती, तेही अशा काळात जेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या पन्नासातही खूश होत्या. होळकरांची गाडी लांब चासीवर होती, तरीही आत माणसं बसणार दोनच. एवढ्या लांबीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यानं माणिकबाग पाहिलेला नसावा.

मुद्दा असा की ही गाडी तीन ठिकाणी जन्मली. इंजिन ड्यूसेनबर्गच्या आराखड्यावरून लायकमिंग कंपनीनं घडवलं, चासी इंडियानापोलिसला तयार झाली, आणि ती उघडी चासी बोटीनं लंडनला गेली. तिथे गर्नी नटिंग या नावाजलेल्या कारागिरांनी तिच्यावर भगव्याकडे झुकणारा नारिंगी आणि काळा अशा दोन रंगांची बॉडी चढवली. त्यामुळे चासीचा नंबर वेगळा, इंजिनाचा वेगळा आणि बॉडीचा आणखी वेगळा. ड्यूसेनबर्गच्या बाबतीत तर कंपनी चालू असतानाच विक्रेते एका गाडीची बॉडी काढून दुसऱ्या चासीवर चढवत. म्हणून ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग क्लबचे तपासनीस आजही गाडीखाली सरपटत जाऊन चौकटीवरचा आकडा, इंजिनामागच्या बेलहाउसिंगचा आकडा आणि केबिनच्या पत्र्यावरची पाटी अशा तीन गोष्टी ताडून बघतात. तिन्ही एकमेकींना ओळख देत असतील तरच गाडीला वरचा दर्जा. होळकरांची गाडी पुढे अमेरिकेला गेली, आणि जगात कुठेही ‘इंदूरच्या महाराजांची’ म्हणूनच ओळखली जाते.

मग प्रश्न येतो: हे आकडे कशाशी ताडायचे? कारखान्याच्या वहीशी. प्रत्येक जुन्या कंपनीनं गाडी बाहेर पाठवताना काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. रोल्स-रॉइसची चासी कार्डं आहेत आणि त्यांच्यात गिऱ्हाइकाचं नाव, गाडी कुठे वापरणार, स्प्रिंगा कशा हव्यात असं सगळं असतं. मर्सिडीजची डेटाकार्डं, पोर्शेची कार्डेक्स पत्रकं, जॅग्वारची उत्पादननोंद. फेरारीनं स्वतःचा प्रमाणपत्र विभागच काढला आहे. पत्र पाठवायचं, फी भरायची, चासी नंबर कळवायचा. उत्तर येतं ते कोरड्या चार ओळींचं असतं: अमुक तारखेला तयार, अमुक रंग, अमुक चामडं, अमुक बंदराकडे रवाना. त्या चार ओळींत ‘बॉम्बे’ हा शब्द निघाला की पडवीतल्या गाडीचा भाव आणि घरच्यांचा चेहरा दोन्ही बदलतात.

वहीतली नोंद जन्मदाखला देते. मधल्या आयुष्याचं काय? इथे आपल्याकडचे कागद कामाला येतात आणि इथेच सगळ्यांत जास्त हेळसांड झालेली असते. आरसी बुक म्हणजे तर जुन्या गाडीचा सात-बारा. मालकांची नावं एकाखाली एक, बँकेचा बोजा चढला-उतरला त्याच्या नोंदी, कर भरल्याचे शिक्के, वजन, आसनं, रंग. बुक हरवलं असेल तर कर्नाटकात आरटीओकडून नोंदवहीचा उतारा मिळतो. त्याला इथे सगळे ‘बी एक्स्ट्रॅक्ट’च म्हणतात. अर्ज करून पाहावा. जुनी रजिस्टरं सगळीकडे धड नाहीत, पण निघतात तेव्हा सोनं निघतं. त्याखेरीज विम्याच्या पावत्या, पेट्रोल कुपनं, गॅरेजची बिलं, आणि लग्नाचे फोटो. लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीच्या मागे गाडी उभी असते, तिची नंबरप्लेट वाचता येते आणि फोटोमागे तारीख असते. एवढा चोख पुरावा वकिलाला मागून मिळणार नाही.

सुपा धरण भरलं आणि काळी नदीच्या पाण्याखाली जुनं सुपा गेलं, तेव्हा तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. पण कागदोपत्री सुपा चालूच राहिलं, आणि आजही लोक तालुक्याला दोन्ही नावांनी ओळखतात. घरं, बाजार, देऊळ, काहीही जागेवर नाही, तरी सुपा नावाचं गाव नव्हतं असं कुणी म्हणत नाही. गाडीबद्दल नेमका हाच वाद १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात उभा राहिला होता, आणि या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकानं तो खटला समजून घ्यावा असं मला वाटतं.

गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिनं १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं जिंकली. दोन्ही वेळा चालवणाऱ्यांत वुल्फ बर्नाटो होता, पहिल्या वर्षी टिम बर्किन आणि दुसऱ्या वर्षी ग्लेन किड्स्टन त्याचा जोडीदार. शर्यतीची गाडी म्हणजे दर मोसमात नवं काहीतरी बसवणं आलंच. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचं मोठं इंजिन घातलं. त्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती उंच वळणाच्या कठड्यावरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. गाडी पुन्हा बांधली, यावेळी बंद कूपे बॉडी चढवून. पुढे तिनं बरेच मालक पाहिले. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडाला विकण्याचा करार झाला, आणि खरेदीदार कंपनी मागे फिरली. त्यांचं म्हणणं, ल मान्स जिंकलेल्या गाडीतलं आता हिच्यात उरलंय काय? इंजिन दुसरं, बॉडी दुसरी, चौकटही बदललेली. ही ओल्ड नंबर वन नव्हेच.

न्यायमूर्ती ऑटन यांनी तज्ज्ञ ऐकले, गाडीचा प्रत्येक बदल तारखेनिशी तपासला, आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूनं दिला. १९२९ चं मूळ लोखंड हिच्यात फार थोडं आहे, हे त्यांनी मान्य केलं. ‘मूळ’ हा शब्द हिला लागू नाही, असंही म्हटलं. पण ही गाडी एका क्षणी संपली आणि दुसरी सुरू झाली असं कधीच घडलेलं नाही. प्रत्येक बदल आधीच्याच गाडीवर झाला, ती मध्ये कधी नाहीशी झाली नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी कुठली गाडीही नाही. म्हणून नाव हिचंच. खरेदीदाराला करार पाळावा लागला.

या एका निकालानं संग्राहकांच्या जगाचा काटा लोखंडावरून इतिहासाकडे सरकला. पत्रा बदला, इंजिन बदला, पण दोन मालकांमधला दुवा तुटू देऊ नका. कुठली गाडी १९५० ते १९७० कुठे होती हे कुणालाच सांगता येत नसेल, तर त्या वीस वर्षांत तिच्या पाटीवरून दुसरीच गाडी घडवली गेली असण्याची शक्यता कायम राहते. एका खऱ्या चासी नंबरवर दोन गाड्या उभ्या राहिल्याची प्रकरणं परदेशात कोर्टात गेली आहेत. एकाकडे मूळ चौकट, दुसऱ्याकडे मूळ इंजिन, आणि दोघंही खरे!

आपल्या देशात हा दुवा कुठे तुटतो, त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एक, १९४७ ते १९४९, संस्थानं विलीन झाली तेव्हा. तोवर संस्थानांच्या स्वतःच्या पाट्या होत्या, राजवाड्याच्या गाडीखान्याच्या स्वतःच्या वह्या होत्या. त्या वह्या कुठल्या दप्तरात गेल्या हे शोधणं हा स्वतंत्र उद्योग आहे. दोन, १९७१, तनखे बंद झाले तेव्हा. राजवाड्यांना छपरं शाकारायला पैसे नव्हते आणि मोटारखान्यात गाड्या सडत होत्या. परदेशी व्यापारी येऊन कवडीमोलानं घेऊन गेले, काही मुंबईच्या जाणत्या संग्राहकांनी वाचवल्या. पुढे सरकारनं १९५० पूर्वीच्या गाड्या परवान्याशिवाय बाहेर नेण्यावर बंधन घातलं, पण तोवर गोठा बराच रिकामा झाला होता.

न तुटलेल्या दुव्याचं उदाहरण बघायचं तर दसऱ्याला कोल्हापूरला जावं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक अजून त्याच घराण्याकडे आहे आणि सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते. ती स्पोर्ट्स कार नाही, सहा सिलिंडरची भारदस्त जर्मन राजगाडी आहे. पण एक घराणं, एक शहर, दरवर्षी हजारो साक्षीदार. तिची ओळख पटवायला पेन्सिलठशाची गरज नाही. परदेशी संग्रहालयांनी हेवा करावा असा हा इतिहास आहे, आणि कोल्हापूरकरांना त्याचं काही विशेष वाटत नाही, हेही कोल्हापूरला शोभतंच.

इतिहासाला पैशात किती मोल येतं? फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ मध्ये छत्तीस बनल्या, आणि प्रत्येकीची जवळजवळ प्रत्येक शर्यत, प्रत्येक मालक, प्रत्येक ठोकर लिहिलेली आहे. २०१८ मध्ये त्यांतली एक लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरला गेली. २०२२ च्या मे महिन्यात मर्सिडीजनं स्वतःच्या संग्रहातली ३०० एसएलआर कूपे विकली, साडेतेरा कोटी युरोला. ती बनलीच होती दोन. आणि उलट टोकाला बुगाटीची टाइप ५७ अटलांटिक. चार झाल्या, त्यांतली काळी, जाँ बुगाटी स्वतः वापरायचा ती, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला गायब झाली. चासी नंबर ५७४५३. आकडा सगळ्या जगाला पाठ आहे, गाडी नाही.

आपल्याकडे ‘दुर्मीळ’ म्हटलं की सगळ्यांना राजेमहाराजे आठवतात, म्हणून एक छोटी गाडी इथे नोंदवून ठेवतो. बंगळूरच्या सॅन मोटर्सनं १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची उघडी दोनआसनी गाडी काढली. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं छोटं इंजिन, साठ अश्वशक्ती. चालली नाही. पण भारतात जुळलेली, उघडी, दोन माणसांची गाडी पुन्हा फार कुणी काढलीही नाही. ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी विक्रेत्याचं मूळ बिल आणि सर्व्हिस बुक जपावं. फायबरला वाळवी लागत नाही, कागदाला लागते.

परत पडवीत येऊ. चासीचा ठसा घेतला, इंजिनाची चकती सापडली, बी एक्स्ट्रॅक्ट आला. आता पुढचा मोह आवरायचा असतो, तो म्हणजे गाडी ‘नव्यासारखी’ करण्याचा. बेळगाव-हुबळीकडचे मिस्त्री हुशार आहेत. पत्रा ठोकून असा बसवतील की सांधा सापडणार नाही. पण जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, फिव्हानं, स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा कल सरळ जपणुकीकडे आहे: जे टिकतंय ते टिकवा, जे गेलंय तेवढंच बदला, आणि काय बदललं ते लिहून ठेवा. कुजलेलं ॲशचं लाकूड बदलावंच लागेल. पण नंबर असलेली फळी तुकडा असली तरी कापडात गुंडाळून ठेवावी. चामडं फाटलं असेल तर शिवावं. चकचकीत रंगाखाली तळचा हिरवा कायमचा गाडला, तर पुढच्या पारख्याला दाखवायला काही उरत नाही.

राहता राहिला कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेली चालत नाही. जीपचं इंजिन घातलेल्या टीसीचं इथे कठीण होतं, आणि ही तरतूद आपल्या परिस्थितीचा पुरेसा विचार करून केलेली नाही असं मला वाटतं. नव्यानं नोंद करायची तर फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या फेरनोंदणीला पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. ज्या गाडीची जुनी नोंद आहे तिला आपला जुना नंबर ठेवता येतो, आणि बहुतेक मालक तोच ठेवतात, कारण त्या जुन्या अक्षरांतच अर्धा इतिहास असतो. अशी गाडी रोज बाजारात न्यायची नसते. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते.

अर्जासोबत विमा, फी आणि जुनी आरसी द्यावी लागते. गाडी आयात केलेली असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री. घाटाखालून आलेल्या गाडीचा सगळ्यांत जुना कागद पोर्तुगीज असण्याची शक्यता असते. तो वाचता येत नाही म्हणून कुणी रद्दीत टाकला नसेल तर ट्रंक, देवघराचा खण, जमिनीच्या कागदांचं गाठोडं असं एकेक करून पाहावं. गोव्यात तो वाचून देणारे नोटरी आणि म्हातारे वकील अजून आहेत. मूळ प्रत त्यांच्याकडे ठेवायला देऊ नये, झेरॉक्स न्यावी.